परीक्षकांचे परीक्षण : न्यूझीलंडमधील आरोग्य व अपंग-सेवांच्या स्वतंत्र परीक्षण संस्थांना मिळणारी शासकीय मान्यता – एक चिकित्सा

सारांश

रुग्णालये, वृद्धनिवास आणि अपंग व्यक्तींची निवासगृहे यांच्या सेवेचा दर्जा तपासण्याचे काम न्यूझीलंडने २००१ च्या कायद्यान्वये शासनमान्य स्वतंत्र परीक्षण संस्थांकडे सोपविले. शासनाने सेवांची थेट तपासणी करण्याऐवजी तपासणाऱ्यांना मान्यता द्यावी, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची रचना, महालेखापरीक्षकांनी २००९ मध्ये दाखविलेले तिचे दोष, त्यानंतरच्या सुधारणा आणि अद्याप शिल्लक राहिलेले प्रश्न यांची चिकित्सा केली आहे. मान्यता ही एकदा द्यावयाची सनद नसून सतत पार पाडावयाची जबाबदारी आहे आणि सेवा घेणाऱ्या व्यक्तीचा आवाज ऐकला गेल्याशिवाय कोणतेही परीक्षण पूर्ण होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गुणवत्ता-परीक्षण, शासकीय मान्यता, प्रमाणन, हितसंबंधांचा संघर्ष, अपंग-सेवा, वृद्धनिवास.

प्रस्तावना

कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेत दुर्बल घटकांचे संरक्षण हे शासनाचे आद्य कर्तव्य मानले गेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मात्र शासनाने स्वतः सेवा द्यावी की इतरांकडून देववावी, याविषयीचे विचार जगभर बदलले. सेवा खाजगी वा स्वयंसेवी संस्थांनी द्यावी, शासनाने निधी पुरवावा आणि नियमन करावे, अशी विभागणी रूढ झाली. त्यापुढची पायरी अशी की, नियमनातील प्रत्यक्ष तपासणीचे कामही शासनाने बाहेरच्या संस्थांकडे द्यावे आणि आपल्याकडे केवळ त्या संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार ठेवावा. न्यूझीलंडमधील आरोग्य व अपंग-सेवांची व्यवस्था हे या पायरीचे ठळक उदाहरण होय.

हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. बाजारातील ग्राहकाला वस्तू न आवडल्यास तो दुसऱ्या दुकानात जातो. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध स्त्री अथवा बोलू न शकणारा बौद्धिक अपंगत्व असलेला तरुण यांना हा मार्ग उपलब्ध नसतो. त्यांना घर बदलता येत नाही आणि पुष्कळदा तक्रारही करता येत नाही. त्यांच्या वतीने पाहणारा डोळा म्हणजे परीक्षक. म्हणूनच हा डोळा कोणाचा आहे, त्याला कोणी नेमले आहे आणि त्याचे मानधन कोण देते, हे प्रश्न दुय्यम ठरत नाहीत.

कायद्याची पार्श्वभूमी व रचना

२००१ पूर्वी न्यूझीलंडमध्ये निरनिराळ्या सेवांसाठी निरनिराळे कायदे होते. रुग्णालयांसाठी १९५७ चा कायदा, अपंग व्यक्तींच्या निवासगृहांसाठी १९७५ चा कायदा आणि वृद्धनिवासांसाठी १९८७ चे नियम अशी ही विखुरलेली व्यवस्था होती. तिचा भर परवान्यावर होता. आरोग्य व अपंग-सेवा (सुरक्षितता) अधिनियम, २००१ ने या सर्वांच्या जागी प्रमाणनाची एकच चौकट आणली. १ ऑक्टोबर २००२ पासून ती लागू झाली आणि जुन्या परवानाधारकांसाठी संक्रमणकाळ ठेवण्यात आला. सेवांच्या सुरक्षिततेस चालना देणे, सुसंगत व वाजवी मानके निश्चित करणे, सुरक्षिततेची जबाबदारी सेवादात्यांनी स्वतः स्वीकारावी यासाठी त्यांना प्रवृत्त करणे आणि गुणवत्तेत सातत्याने सुधारणा घडविणे, हे या अधिनियमाचे घोषित हेतू आहेत.

या चौकटीत चार घटक साखळीप्रमाणे जोडलेले दिसतात. पहिला घटक म्हणजे मानके. २००१ मध्ये तयार झालेल्या मानकांची २००८ मध्ये फेररचना झाली आणि २०२१ मध्ये ‘न्गा पाएरेवा’ या माओरी नावाने नवे मानक प्रसिद्ध झाले. ते २८ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. दुसरा घटक म्हणजे सेवादाता. तिसरा घटक म्हणजे नामनिर्दिष्ट परीक्षण संस्था. ती सेवादात्याच्या संस्थेत जाऊन मानकांच्या कसोटीवर सेवा तपासते आणि अहवाल तयार करते. चौथा घटक म्हणजे आरोग्य मंत्रालयाचे महासंचालक. परीक्षण संस्थांना मान्यता देण्याचा आणि त्यांच्या अहवालांच्या आधारे सेवादात्याला प्रमाणपत्र देण्याचा, असे दोन्ही अधिकार त्यांच्याकडे आहेत. प्रमाणपत्राचा कालावधी सेवेच्या दर्जानुसार कमीअधिक ठरतो. चांगल्या संस्थेस तीन किंवा चार वर्षांचे, तर त्रुटी आढळलेल्या संस्थेस एखाद्या वर्षाचेच प्रमाणपत्र मिळू शकते.

परीक्षण संस्थेला मान्यता देताना तिच्याकडे आवश्यक तज्ज्ञता आहे काय, तपासणीची विश्वासार्ह पद्धती आहे काय आणि हितसंबंधांचा संघर्ष हाताळण्याची व्यवस्था आहे काय, हे पाहणे अपेक्षित आहे. कागदावर ही रचना सुबक आहे. शासन दूर राहते, तज्ज्ञ तपासतात, सेवादाता सुधारतो आणि नागरिक निश्चिंत होतो. या सुबकपणाची परीक्षा व्यवहारात झाली.

व्यवस्थेच्या जमेच्या बाजू

चिकित्सा करताना या व्यवस्थेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. जुन्या परवानापद्धतीत खोलीचे क्षेत्रफळ, खाटांची संख्या, अग्निशमनाची साधने अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना प्राधान्य मिळे. मानकांवर आधारलेल्या परीक्षणात औषधे देण्याची पद्धत, पडण्याचा धोका, आहार, संसर्गप्रतिबंध, रुग्णास बांधून ठेवण्यावरील निर्बंध आणि रहिवाशाची संमती या बाबी केंद्रस्थानी आल्या. ‘पूर्तता झाली’ किंवा ‘झाली नाही’ असा सरधोपट शेरा न मारता अंशतः पूर्तता आणि तिच्यातील धोक्याची पातळी नोंदविण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय ठरावीक कालावधीनंतर परीक्षण होणारच, ही नियमितता आली. प्रश्न उरतो तो या नियमिततेचे रूपांतर निव्वळ उपचारात होऊ नये, याची हमी कोण देणार हा.

मानधनाचा प्रश्न

या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक दुवा असा की, मान्यताप्राप्त संस्थांमधून आपला परीक्षक सेवादाता स्वतः निवडतो आणि त्याचे शुल्कही तोच देतो. शासन मान्यता देते, पण नेमणूक करत नाही. त्यामुळे ज्याचे परीक्षण करावयाचे तोच परीक्षकाचा ग्राहक ठरतो. कठोर परीक्षकाला पुढच्या खेपेस काम मिळणार नाही, ही शक्यता कोणी बोलून दाखविली नाही तरी ती रचनेतच अंतर्भूत आहे. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टात पतमापन संस्थांविषयी हाच आक्षेप घेतला गेला होता. रोखे विकणारा आपल्या रोख्यांची प्रत ठरविणाऱ्याला स्वतःच पैसे देत होता.

यावर असे उत्तर दिले जाते की, परीक्षण संस्थांची प्रतिष्ठा हेच त्यांचे भांडवल असल्याने त्या ती गमावण्याचा धोका पत्करणार नाहीत. हा युक्तिवाद अपुरा आहे. ग्राहकाच्या निवडीवर प्रतिष्ठेचा परिणाम होतो तेव्हाच तिला बाजारात किंमत येते. येथे निवड करणारा ग्राहक सेवादाता आहे, रहिवासी नव्हे. सेवादात्याच्या दृष्टीने ‘चांगला’ परीक्षक आणि रहिवाशाच्या दृष्टीने ‘चांगला’ परीक्षक एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही. हे अंतर भरून काढणे हाच शासकीय मान्यतेचा खरा हेतू होय. म्हणून मान्यता सैल झाली की संपूर्ण साखळी सैल होते.

२००९ चा अहवाल : मान्यता आणि देखरेख यांतील दरी

हा धोका केवळ तात्त्विक नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये न्यूझीलंडच्या महालेखापरीक्षकांनी वृद्धनिवासांच्या तपासणी-व्यवस्थेच्या परिणामकारकतेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. २००२ पासून चालत आलेल्या प्रमाणनाने वृद्धनिवास मानकांची पूर्तता करतात याची पुरेशी हमी दिलेली नाही, असा त्याचा मथितार्थ होता. परीक्षण संस्थांच्या कामात एकवाक्यता नव्हती, काही परीक्षणे निकृष्ट होती आणि मानकांचा भंग झालेला असूनही तो हुडकण्यात किंवा नोंदविण्यात काही संस्था अपयशी ठरल्या होत्या. एकाच वृद्धनिवासाची तपासणी एका यंत्रणेने प्रमाणनासाठी आणि दुसऱ्या यंत्रणेने निधीच्या करारासाठी करावी, आणि दोघींनी परस्परांशी पुरेसा समन्वय ठेवू नये, हेही निदर्शनास आले.

या अहवालातील सर्वांत गंभीर बाब निराळी आहे. परीक्षणातील उणिवांची जाणीव मंत्रालयाला २००४ पासून होती, परंतु त्यावर परिणामकारक उपाययोजना करण्यास विलंब झाला. हा दोष परीक्षकांच्या अकार्यक्षमतेपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. मान्यता देणाऱ्याने मान्यता दिल्यावर आपले काम संपले असे मानले, तर मान्यतेचा अर्थच बदलतो. ती रहिवाशाला दिलेली हमी न राहता शासनाने स्वतःसाठी मिळविलेली सुटका बनते. काही अनुचित घडल्यास सेवादाता प्रमाणपत्राकडे बोट दाखवितो, परीक्षक मान्यतेकडे आणि मंत्रालय परीक्षकाच्या अहवालाकडे. जबाबदारीची साखळी जितकी लांब, तितकी ती कोणाच्याच गळ्यात पडण्याची शक्यता कमी.

हे दोष उघडकीस आणणारी यंत्रणा संसदेला जबाबदार असलेली, म्हणजेच परीक्षक आणि परीक्षित यांच्या आर्थिक व्यवहाराबाहेरची होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. परीक्षकांचे परीक्षण त्या व्यवहारातून मुक्त असलेल्या संस्थेनेच करावे लागते, हा या घटनेचा धडा होय.

सुधारणा आणि त्यांच्या मर्यादा

२००९ नंतर काही महत्त्वाचे बदल झाले. परीक्षण संस्थांना त्रयस्थ अधिस्वीकृती सक्तीची करण्यात आली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची संयुक्त अधिस्वीकृती संस्था जॅस-अँझ किंवा आरोग्यसेवेच्या गुणवत्तेसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था इस्क्वा यांच्याकडून ती घ्यावयाची होती. वृद्धनिवासांत प्रमाणपत्राच्या मुदतीच्या मध्यावर पूर्वसूचनेशिवाय देखरेख-परीक्षण होऊ लागले. प्रमाणन आणि करार यांसाठीच्या तपासण्या एकत्र आणल्या गेल्या. परीक्षणाचे गोषवारे आणि पुढे २०१३ पासून वृद्धनिवासांचे संपूर्ण अहवाल जनतेसाठी खुले होऊ लागले. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये पाठपुराव्याचा अहवाल देऊन या प्रगतीची नोंद घेतली.

या सुधारणांपैकी अहवालांचे प्रकाशन सर्वाधिक मोलाचे मानावे लागेल. आईवडिलांसाठी निवास शोधणाऱ्या कुटुंबाला प्रमाणपत्र आहे किंवा नाही एवढ्यापुरतेच न थांबता त्यातील त्रुटीही वाचता येऊ लागल्या. परीक्षकाचे कामही त्यामुळे उजेडात आले. एखाद्या निवासाविषयी गंभीर तक्रार सिद्ध झाली, तर अगोदरच्या अहवालात त्याची चाहूल होती काय, हे कोणालाही पडताळता येते.

त्रयस्थ अधिस्वीकृतीविषयी मात्र सावधगिरीने बोलले पाहिजे. तिच्यामुळे साखळीत आणखी एक कडी वाढली. परीक्षणाची कार्यपद्धती, नोंदी, परीक्षकांची पात्रता हे सारे ती तपासते आणि ते आवश्यकही आहे. परंतु परीक्षकाच्या नजरेतून काय निसटले, हे कार्यपद्धतीच्या तपासणीतून क्वचितच कळते. त्यासाठी एकाच निवासाचे नमुन्यादाखल दुसऱ्यांदा परीक्षण करणे आणि दोन्ही निष्कर्षांची तुलना करणे हाच सरळ मार्ग आहे.

ऐकणे आणि वाचणे

‘ऑडिट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखविला जाई आणि परीक्षक तो ऐकत असे. मराठीत या शब्दासाठी ‘लेखापरीक्षण’ ही संज्ञा रुळली आणि ती लेखी नोंदींकडे निर्देश करते. सेवांच्या परीक्षणात या दोन अर्थांमधील ताण प्रत्यक्ष दिसून येतो. परीक्षक प्रामुख्याने काळजी-योजना, औषधांचे तक्ते, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि धोरणपत्रे वाचतो. या नोंदी ठेवणारा कर्मचारी आणि अंथरुणावरील व्यक्तीची कूस बदलणारा कर्मचारी बहुधा एकच असतो. नोंदी पूर्ण असाव्यात म्हणून जो वेळ जातो, तो कोणाच्या वाट्याचा असतो हा प्रश्न मानकांत विचारलेला नसतो.

पूर्वसूचनेने होणाऱ्या परीक्षणाचा दुसरा दोष महाविद्यालयीन क्षेत्रातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नॅकची पीअर टीम येण्याच्या तारखा ठरल्या की भिंतींना रंग लागे, फलक बदलत आणि कपाटातील फाइल्स क्रमाने लागत. त्या दिवसांतील महाविद्यालय आणि एरवीचे महाविद्यालय यांत अंतर पडे. वृद्धनिवासाच्या बाबतीत असे अंतर पडले तर त्याची किंमत एखाद्याच्या शरीराला मोजावी लागते.

शासनाने स्वतःच परीक्षण केले म्हणजे हा दोष दूर होईल, असेही नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ओकडेन येथील वृद्धांच्या मानसिक आरोग्यसेवेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ही सेवा राज्य शासन चालवीत होते आणि तिला मान्यता देणारी संस्थाही केंद्रीय शासनाची होती. तरीही तेथील दुरवस्था एका रहिवाशाच्या कुटुंबाने केलेल्या तक्रारींमुळे प्रकाशात आली. राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांनी एप्रिल २०१७ मध्ये दिलेल्या अहवालाने ती स्पष्ट केली आणि त्याच वर्षी ती सेवा बंद झाली. परीक्षकांना जे दिसले नाही ते नातेवाइकांना दिसले होते. त्यानंतर ऑस्ट्रेलियात वृद्धनिवासांच्या फेरमान्यतेसाठी पूर्वसूचनेविना तपासणी सुरू झाली. परीक्षक खाजगी की शासकीय, या वादापेक्षा तो केव्हा येतो आणि कोणाचे ऐकतो, हे अधिक निर्णायक आहे.

न्यूझीलंडमधील अपंग-सेवांत याची जाणीव असलेली एक परंपरा आढळते. तेथील विकासात्मक मूल्यमापनात स्वतः अपंग असलेल्या व्यक्ती आणि कुटुंबीय हे मूल्यमापन पथकाचे सदस्य असतात. अशा पथकाची नजर निवासी व्यक्ती कोणाशी मैत्री करते, बाहेर कधी जाते आणि काय खावे हे कोण ठरविते, याकडे वळते. ही परंपरा परीक्षणाला पूरक म्हणून राहिली. ती परीक्षणाचा गाभा व्हावयास हवी होती.

चौकटीबाहेरची माणसे

अधिनियमाची आणखी एक मर्यादा संख्येची आहे. अपंग व्यक्तींच्या निवासी सेवेसाठी पाच किंवा अधिक व्यक्ती राहात असतील तरच प्रमाणन बंधनकारक आहे. मोठ्या संस्था बंद करून अपंग व्यक्तींना वस्तीतील लहान घरांत राहू द्यावे, हे धोरण न्यूझीलंडने स्वीकारले आणि लेव्हिन येथील किम्बर्ली केंद्र २००६ मध्ये बंद झाले. हे धोरण स्वागतार्हच होते. परंतु त्याचा परिणाम असा की, व्यक्ती जितक्या लहान घरात राहील तितकी ती प्रमाणनाच्या कक्षेबाहेर जाईल. तेथे केवळ निधीच्या करारातील अटी आणि तक्रार-व्यवस्था यांचा आधार उरतो.

या त्रुटींकडे इतिहासाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. शासकीय व धार्मिक संस्थांच्या देखभालीतील छळाची चौकशी करणाऱ्या राजेशाही आयोगाचा अंतिम अहवाल २४ जुलै २०२४ रोजी जाहीर झाला. १९५० ते २०१९ या काळात देखभालीत असलेल्या सुमारे ६,५५,००० मुलांपैकी, तरुणांपैकी व प्रौढांपैकी सुमारे २,००,००० व्यक्तींचा छळ झाला असावा, असा अंदाज आयोगाने मांडला. या काळाचा बराचसा भाग २००१ च्या अधिनियमापूर्वीचा आहे, म्हणून त्याचे सारे खापर आजच्या परीक्षण-पद्धतीवर फोडता येत नाही. तथापि बंद दारांआड राहणाऱ्या माणसाचे बोलणे खरे मानले गेले नाही, हा त्या इतिहासाचा मुख्य धागा आहे. तोच धागा आजच्या परीक्षणात तुटला आहे काय, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांगांसाठी संस्था चालविण्यास सक्षम प्राधिकाऱ्याचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. गुणवत्तेच्या अधिस्वीकृतीचे काम एनएबीएच ही संस्था करते आणि तिच्या मानकांना ज्या इस्क्वाने मान्यता दिली, तीच संस्था न्यूझीलंडच्या परीक्षण संस्थांनाही अधिस्वीकृती देणाऱ्यांत आहे. म्हणजे मान्यतेची भाषा आता आंतरराष्ट्रीय झाली आहे. ही भाषा स्वीकारताना न्यूझीलंडला आपल्याच महालेखापरीक्षकांकडून जे ऐकावे लागले, तेही सोबत स्वीकारणे हिताचे होईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्वतंत्र परीक्षकांना मान्यता देण्याने शासनाची जबाबदारी संपत नाही, ती केवळ रूप बदलते. परीक्षकांच्या कामाची नियमित फेरतपासणी हा मान्यतेचाच भाग आहे.

२. सेवादात्याने परीक्षक निवडावा आणि त्याचे शुल्क द्यावे, ही पद्धत हितसंबंधांच्या संघर्षास जागा देते. शुल्क सेवादात्याकडून घेऊनही नेमणूक मान्यता देणाऱ्या प्राधिकाऱ्याने आळीपाळीने केल्यास हा दोष कमी होऊ शकेल.

३. पूर्वसूचनेविना परीक्षण आणि संपूर्ण अहवालांचे प्रकाशन हे अनुभवाने सिद्ध झालेले उपाय असून ते वृद्धनिवासांपुरते मर्यादित न ठेवता सर्व निवासी सेवांना लागू व्हावयास हवेत.

४. रहिवाशांच्या संख्येवर आधारलेली मर्यादा लहान घरांतील अपंग व्यक्तींना संरक्षणाबाहेर ठेवते. धोका घराच्या आकारावर नव्हे, तर व्यक्तीच्या परावलंबित्वावर ठरतो.

५. सेवा घेणारी व्यक्ती आणि तिचे निकटवर्तीय यांचे म्हणणे हा परीक्षणातील पहिला पुरावा मानला जावा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पुरेसा वेळ आणि योग्य माध्यम उपलब्ध करून देणे ही परीक्षकाची पात्रता समजली जावी.

प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते आणि अहवाल कपाटात ठेवता येतो. त्या भिंतीच्या आत राहणाऱ्या माणसाला रात्री घंटा वाजविल्यावर कोणी येते काय, ही या संपूर्ण व्यवस्थेची अंतिम कसोटी आहे. मान्यता देणाऱ्याने प्रत्येक मान्यतेवर सही करण्यापूर्वी ती स्वतःला लावून पाहणे अगत्याचे आहे.